वडिलांच्या कर्जावर मुलीची सही, आणि आता संरक्षण खात्याची पडताळणी

प्रश्न भोसरीच्या एका वडिलांचा आहे. त्यांचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप. मशीनसाठी बँकेकडून १४ लाखांचं कर्ज घेतलं, त्यावर सहकर्जदार म्हणून मुलीची सही. लॉकडाऊनमध्ये कामं थांबली, हप्ते चुकले, खातं एनपीए, म्हणजे थकीत, झालं. वडिलांच्या खात्यात पैसे आले की बँक ते कर्जात वळते करायची, म्हणून वर्कशॉपचे व्यवहार मुलीच्या खात्यातून सुरू झाले. त्यातूनच एका स्टील व्यापाऱ्याला दिलेला १ लाख ८० हजारांचा चेक परत गेला. आता मुलीच्या नावानं कोर्टाचं समन्स आलंय. आणि याच महिन्यात तिची पुण्यातल्या एका संरक्षण संशोधन संस्थेत टेक्निकल असिस्टंट म्हणून निवड झाली, अटेस्टेशन फॉर्म, म्हणजे पूर्वचारित्र्याच्या पडताळणीचा फॉर्म, घरी आलाय. अमेरिकेतल्या भाच्यानं फोनवर सांगितलं की डोक्यावर कर्ज असलं की सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय कामासाठीची मंजुरी, मिळत नाही. वडील विचारतात, हे सगळं फॉर्मात लिहायचं, की आधी नोकरी पदरात पाडून घ्यायची आणि मग बघायचं?

दादा, मी पुण्यातल्याच एका संरक्षण आस्थापनेत ३१ वर्षं आस्थापना विभागात होते. असे फॉर्म माझ्या टेबलावरून हजारांनी गेले. तुम्ही १४ लाखांना घाबरलाय आणि १ लाख ८० हजारांकडे तुमचं लक्ष नाही. नेमकं उलटं हवं.

बँकेचं कर्ज थकणं हा दिवाणी मामला. बँक वसुलीचा दावा लावेल, तारण असेल तर जप्त करेल, पण त्यानं तुमची मुलगी आरोपी होत नाही. चेक परत जाण्याचं तसं नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट हा कायदा १८८१ चा, त्याच्या कलम १३८ खाली हा फौजदारी गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापाऱ्यानं आधी वकिलाची नोटीस पाठवली असणारच, कारण बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत ती पाठवावीच लागते. ती हातात पडल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले असते तर गुन्हाच घडला नसता. बहुतेक घरांत ती नोटीस फ्रिजवर किंवा देवघराच्या खणात पडून राहते. तुमच्याकडेही तेच झालं असणार. हे टोचायला म्हणत नाही. पुढच्या वेळी लिफाफा त्याच दिवशी फोडा, एवढंच. हप्त्याचा ऑटो डेबिट परत गेला तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याच्या कलम २५ खाली जवळपास असंच प्रकरण उभं राहू शकतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

आता फॉर्म. केंद्र सरकारच्या नेहमीच्या अटेस्टेशन फॉर्ममध्ये नाव, पत्ते, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या विचारतात. गेल्या पाच वर्षांत जिथे वर्षापेक्षा जास्त राहिलात ते सगळे पत्ते मागतात. आणि मग तो रकाना येतो: कधी अटक झाली का, खटला चालला का, दंड झाला का, कुठल्या परीक्षा मंडळानं बंदी घातली का, या घडीला कोर्टात केस प्रलंबित आहे का. किती कर्ज आहे, सिबिल स्कोअर किती, हे त्यात विचारलेलं नसतं. म्हणजे १४ लाखांना तिथे जागाच नाही. समन्स आलेल्या केसला मात्र आहे, आणि तिथे 'होय' असंच लिहायला हवं.

'नाही' लिहिलं तर काय होतं? फॉर्म पोलिसांकडे जातो. पत्ता भोसरीचा, त्यामुळे कागद पिंपरी-चिंचवड आयुक्तालयातून स्थानिक ठाण्यावर येतो, हवालदार घरी येऊन जातो, शेजाऱ्यांना विचारतो. १३८ ची केस ही खासगी तक्रार असते, एफआयआर नसतो, म्हणून ती कधी कधी त्या तपासणीत दिसतही नाही. इथेच लोक फसतात. दिसली नाही, नोकरी लागली, आणि दोन वर्षांनी त्याच व्यापाऱ्यानं चिडून ऑफिसला निनावी पत्र टाकलं. अशी पत्रं मी स्वतः फोडली आहेत. अक्षर वळणदार, शेवटी 'आपला एक हितचिंतक'. मग केस १ लाख ८० हजारांची राहत नाही, खोटी माहिती दिल्याची होते. फॉर्मच्या डोक्यावरच छापलेलं असतं की खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही अपात्रता आहे आणि नंतर उघड झालं तर सेवा संपू शकते.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात हा विषय बऱ्यापैकी सोडवून ठेवलाय. त्यातलं तुमच्या कामाचं एवढं: माहिती खरी हवी. किरकोळ स्वरूपाची केस प्रलंबित असेल आणि उमेदवारानं ती खरेपणानं लिहिली असेल, तर कार्यालय आपल्या अधिकारात, निकालाच्या अधीन राहून, नियुक्ती देऊ शकतं. फॉर्ममध्ये जे स्पष्टपणे विचारलंय तेवढंच सांगणं बंधनकारक, न विचारलेलं सांगितलं नाही म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही. पण खरं लिहिलं म्हणून नियुक्तीचा हक्क तयार होतो असंही नाही, पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार कार्यालयाकडे राहतोच. मी हमी देत नाहीये. व्यवहारातून निघालेली आणि मिटवायला घेतलेली १३८ ची केस जिनं स्वतःहून लिहिली, तिच्याबद्दल वरिष्ठांचा सूर बहुतेक वेळा नरम असतो, हे मात्र अनुभवानं सांगते.

तुमच्या भाच्याचं खोटं नाही, पण तो त्याच्या देशाचं बोलतोय. तिकडे क्लिअरन्ससाठी एसएफ-८६ नावाचा लांबलचक फॉर्म भरतात. त्याचा २६ वा विभाग पूर्ण पैशांचा: गेल्या सात वर्षांत कर्ज बुडवलं का, कोर्टाचा हुकूम झाला का, दिवाळखोरी जाहीर केली का, सध्या कुठलं देणं १२० दिवसांपेक्षा जास्त थकलंय का. निर्णय घेताना १३ निकष लावतात, ते जून २०१७ पासून लागू असलेल्या एका आदेशात लिहिलेत, आणि त्यातला 'एफ' हा आर्थिक बाबींचा. पण तिथेही कर्ज आहे म्हणून सरळ नकार असं नाही. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला अशी हाताबाहेरची कारणं असतील, माणूस प्रामाणिकपणे फेडायला लागला असेल, समुपदेशन घेत असेल, तर ते त्याच्या बाजूनं धरतात. शिवाय तो क्लिअरन्स सहसा अमेरिकी नागरिकांनाच. तुमच्या मुलीचा त्या फॉर्मशी काही संबंध नाही.

तिकडे एवढी काळजी का, त्याचं उदाहरण तेच लोक देतात. सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स. घटस्फोटाच्या खर्चानं आणि देण्यांनी तो गळ्यापर्यंत आला, आणि १९८५ मध्ये ५०,००० डॉलरसाठी सोव्हिएत वकिलातीत जाऊन नावं विकून आला. पकडला गेला १९९४ मध्ये. पण त्याच्यावर संशय यायला एक मोठं कारण होतं ते कर्ज नव्हे, तर कर्ज नाहीसं झाल्यानंतरची ऐट. ५ लाख ४० हजार डॉलरचं घर त्यानं रोखीनं घेतलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तुमच्या घरासाठी तिचा उपयोग आहे.

आपल्याकडे नोकरीत शिरल्यावर लागू होतो तो केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम १९६४ मधला नियम १७. कर्मचाऱ्यानं आपले खासगी व्यवहार असे सांभाळावेत की कायमचा कर्जबाजारीपणा किंवा दिवाळखोरी येऊ नये. आणि वसुलीसाठी कोणी कोर्टात गेलं तर त्याची पूर्ण हकिकत ताबडतोब सरकारला कळवावी. खाली एक टीप आहे, ती मला नेहमीच फार शहाणी वाटत आली: हा कर्जबाजारीपणा उधळपट्टीतून आला नाही, नेहमीची काळजी घेऊनही टळण्यासारखा नव्हता, हे सिद्ध करायचं ओझं कर्मचाऱ्यावर. अमेरिकेच्या २०१७ च्या कागदात आणि आपल्या १९६४ च्या टिपेत विचार जवळपास एकच आहे. एक मोठा फरक म्हणजे आपल्याकडे सिद्ध करायचं ओझं कुणावर ते एका ओळीत लिहून टाकलंय, त्यामुळे कागद जपायचे कुणी हा प्रश्नच उरत नाही.

या नियमाचा चेहरा कसा असतो ते सांगते. नव्वदीच्या सुमारास आमच्याकडे एक स्टोअरकीपर होते. पितळेच्या भंगाराच्या चाव्या त्यांच्याकडे. पगाराच्या दिवशी गेटबाहेर पिंपळाखाली वसुलीवाले उभे राहायचे, आणि त्यातले दोघं फक्त यांच्यासाठी असायचे. एक दिवस हे स्वतः माझ्या साहेबांसमोर येऊन बसले आणि शाळेची रेघी वही टेबलावर ठेवली. पहिल्या पानावर दूधवाला, मग किराणा, मग पतसंस्था, मग बहिणीच्या लग्नासाठी घेतलेले सावकाराचे, महिना पाच टक्क्यांनी. प्रत्येक नावापुढे शिसपेन्सिलीनं रक्कम, खोडून परत लिहिलेली. म्हणाले, "साहेब, माझ्याकडच्या चाव्या काढून घ्या, मला झोप येत नाही." साहेबांनी त्यांना आवक-जावकच्या टेबलावर आणलं, पतसंस्थेशी बोलून हप्ते एकत्र करून दिले. दोन-अडीच वर्षांनी चाव्या परत त्यांच्याकडे. सेवापुस्तकात लाल शाईचा एक शब्द नाही.

त्याच मजल्यावर दुसरे एक होते. यांच्यावर स्वतःचं एक रुपयाही कर्ज नव्हतं. तीन मित्रांना पतसंस्थेत जामीन राहिले, तिघांनीही हात वर केले. आपल्याकडे सहकारी संस्थांच्या कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की जामीनदार आणि कर्जदार यांत संस्था फरक करत नाही. हे गृहस्थ वर्षभर गप्प राहिले. शेवटी वसुली अधिकारी ऑफिसात आला, सगळ्यांसमोर नाव विचारत. कर्जाबद्दल त्यांना कोणी काही बोललं नाही, पण 'ताबडतोब कळवावे' हा शब्द मोडला म्हणून चौकशी लागली आणि एक वेतनवाढ गेली. निवृत्तीपर्यंत ते मला म्हणायचे, "बाई, मी तर एक पैसा घेतला नव्हता हो." खरंच नव्हता.

म्हणून तुमच्या मुलीला माझा सल्ला असा की रुजू झाल्या दिवसापासून दोन गोष्टी तोंडपाठ ठेवाव्या. बँकेनं कधी वसुलीचा दावा लावला, तर दाव्याची प्रत जोडून एक पानी अर्ज आस्थापना विभागात द्यायचा आणि पोच घ्यायची. आणि कुणालाही, अगदी बाजूच्या टेबलावरच्या ताईंनाही, जामीन राहायचं नाही. पगारावर जप्ती आली तरी सगळा पगार जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे हिशेबात धरायचा पगार ४५,००० असेल तर ढोबळमानानं १४,६६७ च्या वर कोर्ट हात लावत नाही. तेही एका हुकुमाखाली २४ महिन्यांपर्यंतच.

सुरक्षा विभागाच्या लोकांना कर्जाचा आकडा पाहून झोप उडत नाही. घरकर्ज तर निम्म्या स्टाफवर असतं, कोथरूडपासून चऱ्होलीपर्यंत. ते बघतात की या माणसाची दोरी कुणाच्या हातात आहे. बँकेच्या हातात असली तर कुणाला काही वाटत नाही, बँक रात्री साडेअकराला फोन करून लॅबचा नकाशा मागत नाही. बेकायदा सावकार आणि मोबाइलवरची कर्ज देणारी ॲप्स यांची भीती खरी. ॲप फोनमधले सगळे नंबर उचलतं, मग नातेवाइकांना फोटो पाठवायच्या धमक्या. अशा वेळी माणूस काहीही कबूल करतो. वर्कशॉप वाचवायला तुम्ही किंवा मुलीनं असलं ॲप वापरलं असेल तर आधी ते देणं संपवा, बँक थांबेल. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. नव्या मुलांमध्ये शेअर बाजारातल्या एफ अँड ओचं, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांचं, वेड आहे, त्याचंही कर्ज होतं. वर्तणूक नियम १६ सट्ट्याला मनाईच करतो, आणि वारंवार खरेदी-विक्रीला सट्टाच समजतो. हे तुमच्या मुलीला लागू नसेल, पण तिच्या बॅचमधल्या कुणाला तरी नक्की लागू असेल.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, मीच विचारते. तो स्टील व्यापारी संरक्षण संस्थांना माल पुरवतो का? भोसरी-चाकण पट्ट्यात हे अगदी शक्य आहे. ज्याच्याशी कार्यालयीन संबंध येण्याची शक्यता आहे अशा माणसाच्या पैशांच्या ओझ्याखाली राहायला नियम १६ परवानगी देत नाही. बँकेशी नेहमीचा व्यवहार चालतो, नातेवाइकाकडून किंवा मित्राकडून छोटी, बिनव्याजी, तात्पुरती उसनवारी चालते. व्यापाऱ्याचं देणं ती रुजू व्हायच्या आत मिटलं पाहिजे, याचं हे दुसरं कारण.

मिटवायचं कसं? १३८ चा गुन्हा कलम १४७ प्रमाणे तडजोडीचा आहे. पैसे द्या, व्यापाऱ्याची कोर्टासमोर सही घ्या, केस संपते आणि परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच. लोकअदालतीत हे लवकर होतं. वकिलाची फी जड वाटत असेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत विधी सेवा मिळते, उत्पन्नाची अट नाही. तुमच्या मुलीला ती मिळेल, तुम्हाला कदाचित नाही. तडजोडीची रक्कम मामा किंवा काका देणार असतील तर बँकेतूनच ट्रान्सफर करा, रोख नको. देणं अचानक फिटलं तर ते कुठून फिटलं हे विचारणारा माणूस कधी ना कधी समोर बसतो, त्याला दाखवायला पासबुकाची ओळ हवी. एम्सची गोष्ट एवढ्यासाठीच सांगितली.

मोठ्या कर्जाचं घाईनं काही करू नका. बँक वन टाइम सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत एकदाच मिटवायची तडजोड, देऊ करेल, सूट मोठी दिसेल, पण क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता मिटवलेलं) असा शिक्का राहतो आणि सहकर्जदार म्हणून तो मुलीच्याही नावावर येतो. थोडे थोडे हप्ते भरूनही एनपीए सुटत नाही. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरल्यावरच खातं पुन्हा स्टँडर्ड, म्हणजे नियमित, होतं. मुलीचा पगार सुरू झाल्यावर बँकेत बसून कर्जाची पुनर्रचना, म्हणजे हप्ते आणि मुदत नव्याने बांधून, मागा, लेखी. कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून तिच्या नावावर नेमकं काय दिसतंय ते बघा. या नोकरीच्या फॉर्मला तो लागत नाही. पण ती उद्या बँकेच्या परीक्षेला बसली तर लागेल. स्टेट बँकेच्या जाहिरातींत थकबाकीदार उमेदवार अपात्र असं कलम असतं, आणि अशाच कारणानं रद्द केलेली नियुक्ती मद्रास उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये रद्दच ठेवली.

आता रकाना. केस प्रलंबित आहे का, या प्रश्नापुढे 'होय', आणि जागा अपुरी पडते म्हणून 'सोबत पुरवणी' असं लिहा. वेगळ्या कागदावर कोर्टाचं नाव, केस नंबर, कलम, चेकची तारीख आणि रक्कम, पुढची तारीख, आणि तडजोडीची बोलणी चालू असतील तर तसं एक वाक्य. वर्कशॉपची रडकथा नको, लॉकडाऊनबद्दल एक ओळ पुरे. समन्सची प्रत जोडा. फॉर्म दिल्यानंतर केस मिटली, तरी तोच केस नंबर टाकून आदेशाची प्रत त्याच कार्यालयाला पाठवा. आणि जमा करण्याआधी सगळ्या पानांची, मागची बाजूसुद्धा, झेरॉक्स काढून ठेवा. पुढे पडताळणीला कोणी आलं की "तुम्ही काय लिहिलं होतं?" असं पहिलं विचारतात, आणि तेव्हा आठवत नाही.